पाण्याचा मुकादम

बादलीची कडी टणकन पडली, तेव्हा घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. दुपारचे अडीच वाजले असतील. प्रेरणाला नुकतीच झोप लागली होती आणि तिच्या मानेखालचा माझा हात मी बोट बोट करून सोडवून घेत होते. तो हात तिथंच राहिला.

अंगणात पत्र्याची एकच बादली आहे. तिची कडी उभी करून सोडली की काठावर आपटते आणि असा आवाज होतो. पण ती कुणीतरी उभी करावी लागते. घरात आम्ही दोघीच होतो. विश्वजीत वाळूजला कंपनीत, फाटकाला आतून कुलूप.

मी श्वास धरून पडून राहिले. थोड्या वेळानं अंगणातला नळ खोकला, हवा सोडली, परत खोकला, आणि मग धार लागली. नऊ दिवसांनी नळ आले होते.

मुकादम असता तर मी नेहमीसारखी 'कळलं रे बाबा, कळलं' म्हणत हौदाचं झाकण सरकवायला धावले असते. पण मुकादमला जाऊन सहा आठवडे झाले होते.

मुकादम आमचा कुत्रा. तपकिरी रंगाचा, गावठी, एक कान कायम दुमडलेला. विश्वजीतनं कॉलेजात असताना फुलंब्रीहून कापडी पिशवीत घालून आणलेलं पिल्लू. नाव माझ्या सासऱ्यांनी, काकासाहेबांनी ठेवलं, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, कारण पिल्लू असल्यापासून तो स्वतः काही न करता बाकीच्यांच्या कामावर लक्ष ठेवून बसायचा. मी लग्न होऊन उस्मानपुऱ्यातल्या या घरात आले तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता. पहिले चार दिवस त्यानं माझ्यावरही लक्ष ठेवलं. पाचव्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना येऊन माझ्या पावलावर हनुवटी टेकवली आणि झोपून गेला. "झालीस पास," विश्वजीत म्हणाला.

तो गेलाय हे प्रेरणाला माहीत नाही. तिला मी सांगितलंय, तो फुलंब्रीला आबांकडं गेलाय, शेत राखायला. ती साडेचार वर्षांची आहे, तिनं ऐकून घेतलं. तेव्हापासून तिच्या खाऊतलं एक एक बिस्कीट ती जुन्या दंतमंजनाच्या डब्यात ठेवते. रविवारी आम्ही हुरडा खायला फुलंब्रीला जाणार आहोत. म्हणजे रविवारच्या आत मला तिला खरं सांगायला हवं. आणि खरं सांगायचं तर अर्धं सांगून भागणार नाही. त्या दिवशी मी काय केलं तेही सांगावं लागेल, आणि ते मी अजून विश्वजीतलाही सांगितलेलं नाही.

तर त्या दुपारी, कडी वाजून नळ आल्यावर, मी उठून अंगणात गेले. बादली नळाखाली नव्हतीच. मागच्या वेळी अशीच कडी वाजली तेव्हा विश्वजीत म्हणाला होता, "अगं, पाईपात हवा येते, नळ थरथरतो, त्याचा धक्का बसत असंल बादलीला. तू पण ना." म्हणून मी बादली उचलून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवली होती, नळापासून चांगली चार हात लांब. ती तिथंच होती. कडी एका बाजूला पडलेली.

भिंतीपलीकडून जाहेदाभाभींची मोटार सुरू झाली. त्या आमच्या शेजारी. दोन घरांत एकच भिंत आहे, आणि तीही कमरेएवढी. त्यांचं डोकं भिंतीवर आलं.

"सुलेखा, नळ आले गं. झाकण उघड पैले."

"हो भाभी. तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? कडी वाजली ना तुझ्याकडं. मैं उठी, मोटार लगाई." एवढं बोलून त्या थांबल्या. ओढणी डोक्यावर घेतली. माझ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आदत हो गई थी बघ. ध्यानातच नाय आलं."

मी झाकण सरकवलं. ते दोनदा निसटलं.

---

या गल्लीत पाणी आठ-नऊ दिवसांनी येतं. कधी पहाटे, कधी भर दुपारी, वेळ अशी नाही. आलं की तास-दीड तास, त्यात हौद भरला तर भरला. पाणी सोडणारा बद्रीनाथ मोटारसायकलवर लोखंडी चावी आडवी बांधून येतो, गल्लीच्या मधोमध झाकणाखाली व्हॉल्व आहे तो फिरवतो आणि निघून जातो. तो कधी आला हे बायकांना कळेपर्यंत निम्मं पाणी पुढच्या गल्लीला गेलेलं असतं. आमच्याकडं मात्र असं कधी झालं नाही, कारण मुकादमला बद्रीनाथची मोटारसायकल कोपऱ्यावरूनच ओळखू यायची. शंभर गाड्या जायच्या, तो मान वर करायचा नाही. ही एक गाडी आली की फाटकाशी जाऊन भुंकायचा. बद्रीनाथनं गाडी बदलली तेव्हा आम्ही म्हटलं आता संपलं. तर पहिल्याच दिवशी भुंकला. चावी कॅरिअरवर आपटते, तो आवाज त्यानं धरला असणार, असं विश्वजीतचं मत.

प्रेरणा झाली आणि मी माहेरहून दोन महिन्यांची पोर घेऊन आले. माझ्या सासूबाई, द्वारकाबाई, मदतीला येऊन राहिल्या होत्या. एका दुपारी मोठ्या मुश्किलीनं पोर झोपलेली, आणि हा भुंकला. पोर दचकून उठली. सासूबाईंनी बाहेर येऊन त्याला असं झापलं, "लेकरू निजलंय दिसंना का तुला मुडद्या? तोंड शिवून टाकीन." तो मान खाली घालून ऐकत राहिला. मला हसू आलं, कुत्र्याला काय कळणार.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तो भुंकला नाही. मी पोरीजवळ आडवी पडले होते आणि अंगणात काहीतरी टणकन वाजलं. बाहेर जाऊन पाहते तर मुकादम बादलीशी उभा. माझ्याकडं पाहत त्यानं पुन्हा नाकानं कडी उभी केली आणि सोडून दिली. टण्. मग नळाकडं पाहिलं. नळानं अजून हवाही सोडली नव्हती.

सासूबाई दारात येऊन थबकल्या. "आता गं बया," त्या म्हणाल्या, "हे बेणं तर आपल्यापेक्षा शहाणं निघालं." त्या दिवशी त्यांनी त्याला दुधात भाकरी कुस्करून घातली. परत कधी त्याला वेडंवाकडं बोलल्या नाहीत.

चार वर्षं तो कडी वाजवत आला. भिंतीपलीकडं जाहेदाभाभी त्या आवाजावर उठायच्या आणि त्यांच्या पलीकडचे लोक भाभींच्या मोटारीवर.

मागच्या पावसाळ्यापासून तो फाटकाशी जाईनासा झाला. दिवसभर नळापाशी पडलेला असायचा, भिंतीलगत जमिनीतून वर आलेल्या पाईपाला चिकटून. म्हातारा झाला, गारवा शोधतो, असं आम्ही म्हणायचो. कडी मात्र वेळेवर वाजायची. दिवाळीत दरवर्षी तो फटाक्यांना घाबरून पलंगाखाली जाऊन बसायचा आणि चार दिवस बाहेर यायचा नाही. यंदा समोरच्यांनी हजाराची माळ लावली तरी हा अंगणात पाय पसरून झोपलेला. विश्वजीत कौतुकानं म्हणाला, "आता खरा मुकादम झाला. कशाचं काही वाटत नाही." मी पण हसले. हाक मारली की कधी यायचा, कधी नाही. समोर उभं राहून मारली की लगेच यायचा. "नखरे करता हाय बुढा," जाहेदाभाभी म्हणायच्या.

आम्ही तिघं मोठी माणसं, रोज त्याला बघणारी. कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

---

मुकादम गेला, तो दिवस असा होता. अकरा दिवस होऊन गेले होते, नळ आले नव्हते. कुठं तरी मोठी लाईन फुटली होती म्हणे. हौदाचा तळ दिसत होता, धुणं साठलं होतं, आणि प्रेरणाला दोन दिवस ताप येऊन गेल्यामुळं तिचे कपडे, चादरी, सगळं वेगळंच. तापानंतर ती त्या दिवशी पहिल्यांदा बालवाडीत गेली होती. मी टँकरला फोन केला.

आमची गल्ली अशी की टँकर आत वळत नाही. कोपऱ्यावरून उलटा घ्यावा लागतो. ज्याच्या घरी पाणी, त्यानं मागं उभं राहून हात करायचा, 'येऊ द्या, येऊ द्या,' ही इथली रीतच आहे. ड्रायव्हरला आरशात फक्त तो हात दिसतो. त्याच्यावर भरवसा ठेवून तो गाडी मागं घेतो.

मुकादम गल्लीत होता. तीन दिवस तो फाटकाबाहेरच जाऊन पडत होता, जाहेदाभाभींच्या दारासमोर, व्हॉल्वच्या लोखंडी झाकणावर हनुवटी टेकवून. थंडीचे दिवस, ऊन खात असेल असं मला वाटलं. टँकर कोपऱ्यावर दिसला. मी फाटकातूनच हाक मारली, "मुकादम, ऊठ. हो बाजूला."

अलीकडचे नखरे सोडले तर आयुष्यभर तो एका हाकेत उठलेला. टँकर अजून लांब होता. त्याची शेपटी हलली, ते मी पाहिलं. ऐकलं त्यानं, असं मी समजले. मग मी वळले, कारण हौद फाटकाच्या आत लागूनच आहे आणि त्याचं झाकण जड, एका हातानं सरकत नाही, गुडघा लावावा लागतो. मी वाकून झाकणाला गुडघा लावला. आणि दुसरा हात फाटकाबाहेर काढून हलवत राहिले. येऊ द्या. येऊ द्या.

मी मागं बघत नव्हते.

आवाज फार मोठा झाला नाही.

ड्रायव्हर उतरला, बिचारा म्हातारा माणूस, तो डोक्याला हात लावून खालीच बसला. "ताई, तुम्ही हात करत होतात," एवढंच म्हणाला. दोष द्यायला म्हणाला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. मी हो म्हटलं. त्याला म्हटलं, घरात दुसऱ्या कुणालाच नाही.

विश्वजीत सुट्टी टाकून आला. मुकादमला चादरीत गुंडाळून आम्ही गाडीत घातला आणि विश्वजीत एकटाच त्याला फुलंब्रीला घेऊन गेला. आबांनी शेताच्या बांधाला खड्डा करून ठेवला होता. म्हणजे फुलंब्रीला गेला हे खोटं नव्हतं, असं मी स्वतःला समजावत राहिले. विश्वजीतला मी सांगितलं, टँकर मागं येत होता, हा उठला नाही. तेही खोटं नव्हतं.

पाणी त्यानंतर दोन दिवसांनी आलं. सकाळची वेळ होती, मी प्रेरणाची वेणी घालत होते. कडी वाजली. दोघींनी एकदमच अंगणाकडं पाहिलं.

"मुकादम आला?" ती म्हणाली.

"नाही गं, वाऱ्यानं," मी म्हटलं. वारा नव्हता.

ती बालवाडीत गेल्यावर मी नळापाशी बसले. तेव्हा पहिल्यांदा मला तो पाईप दिसला. म्हणजे तो तिथं कायमच होता, पण मी असा कधी पाहिला नव्हता. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याचा रंग गेला होता. आतलं लोखंड घासून घासून आरशासारखं झालेलं, आणि त्याच्या कडेला दोन-चार तपकिरी केस चिकटलेले. मी त्या जागेवर तळहात ठेवला. पाणी वाहत होतं. मुठीत माशी धरल्यावर जशी थरथर लागते, तशी हाताला लागली. मी नळ बंद केला तरी ती थांबेना, कारण पाणी जमिनीखाली पुढच्या घरांकडं जातच होतं.

तो पाणी ऐकत नव्हता. हनुवटीनं ओळखत होता.

मग सगळंच एकेक करून समोर आलं. बद्रीनाथची गाडी, दिवाळीची माळ, समोरून मारलेली हाक आणि मागून मारलेली हाक. कान गेले होते त्याचे. पावसाळ्यापासून. त्यानं आम्हाला ते कळूच दिलं नाही, कारण त्याचं काम कधी चुकलंच नाही. आणि अकरा दिवस पाणी येईना, तेव्हा तो घरातल्या पाईपावर विसंबून राहिला नाही. जिथून पाणी सुटतं तिथं, त्या झाकणावर जाऊन हनुवटी टेकवून बसला. आमच्यासाठी पाणी शोधत होता.

हे मी जाहेदाभाभींना सांगितलं. टँकर आला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या हातातली लसणाची पाकळी तशीच सोलायची राहिली.

"मी तुला बोलले नव्हते," त्या शेवटी म्हणाल्या. "गाडी पीछे आ रही थी ना, तब वो दुम हिला रहा था. जोर-जोर से. मी म्हटलं, याला काय एवढी खुशी झाली."

टँकर जवळ येत होता. जमीन थरथरत होती. त्याला वाटलं, नळ आले.

---

आता कडी वाजते ती मला घाबरवायला वाजते असं मला वाटत नाही. तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं. गंडादोरा केला असता, बादली देऊन टाकली असती. सासूबाईंना फोनवर नुसतं सुचवलं तर त्या म्हणाल्या, "दहीभात ठेव नळापाशी, जाईल." मी ठेवला. दहीभात मांजरानं खाल्ला आणि आठव्या दिवशी कडी वाजली.

त्या अडीच वाजताच्या दुपारी, हौद भरत असताना, मी पाईपाच्या त्या घासलेल्या जागेवर पुन्हा हात ठेवला. अंगणात तेव्हा सावली असते आणि पाणी थंडगार होतं. बाकी पाईप हिवाळी पाण्यानं बर्फासारखा झालेला. ती वीतभर जागा कोमट होती. कुणीतरी नुकतंच तिथून डोकं उचलावं, तशी. मी हात काढून घेतला, पदराला पुसला, आणि का कुणास ठाऊक, परत ठेवला. ती जागा निवेपर्यंत ठेवला.

मला झोपेतही एकच गोष्ट टोचत राहते. त्याला कळलंच नसेल तर? मागून काय आलं, कुणी हात हलवला, हे काहीच कळलं नसेल आणि तो अजून कामावर असेल, तर त्याला सुट्टी कुणी द्यायची? ज्या बाईनं त्याच्यावर टँकर आणला, तिच्या पाण्याची काळजी तो अजून करतोय. तिची पोर उठू नये म्हणून अजून भुंकत नाही.

शुक्रवारी आबांचा फोन आला.

"सूनबाई, हुरडा चांगला भरलाय. रविवारी सकाळी लवकर निघा. पण त्या पोरीचं काय करायचं ठरवलं?"

"सांगते, आबा."

"कवा सांगता? परवा फोनवर म्हणती, आबा, मुकादमला द्या. मी काय करू? सत्तरीचा गडी मी, खोलीत जाऊन भुंकलो. तुमच्या सासूबाई दारातून बघत्यात." ते हसले, मग खाकरले. "ती म्हणली, हा मुकादम नाय. मुकादम फोनवर भुंकत नसतो. मी म्हणलं, व्हय बाई, झोपलाय तो. पण सूनबाई, ती इथं उतरली की आधी त्यालाच हुडकणार. मी काय दावू तिला, बांध?"

"नाही आबा. मी उद्या सांगते."

"हळू सांगा. आन खरं सांगा. पोरं लई ध्यानात ठेवत्यात."

---

शनिवारी ती दुपारी झोपलीच नाही. बिस्किटांचा डबा जमिनीवर पालथा करून तिनं बिस्किटं दोन रांगांत मांडली होती. मऊ पडलेली एका रांगेत, कुरकुरीत दुसऱ्या रांगेत. "मऊ त्याला आधी द्यायची," ती मला म्हणाली, "त्याचे दात दुखतात." विश्वजीत ओव्हरटाईमला थांबला होता. बाहेर भाभींच्या अंगणात उखळाचा आवाज चालू होता, तो थांबला, आणि घर अगदी शांत झालं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"पेरू, इकडं बघ." घरात तिला आम्ही पेरू म्हणतो. "मला तुला मुकादमचं काहीतरी सांगायचंय."

"तो आपल्याबरोबर परत येणारे?"

"नाही बाळा. तो फुलंब्रीला शेत राखत नाहीये. तो मेला. मी तुला खोटं सांगितलं होतं."

ती बिस्किटांकडं बघत राहिली. तिला मेला म्हणजे काय ते माहीत आहे. गच्चीवर पारव्याचं पिल्लू मेलं होतं, ते आम्ही दोघींनी मिळून कुंडीत पुरलं होतं.

"कुंडीत ठेवला?"

"मोठा होता ना. आबांच्या शेतात ठेवला. उद्या तुला जागा दाखवते."

"आबा पण खोटं बोलले?"

"मी त्यांना बोलायला लावलं. ते रागावले होते माझ्यावर."

तिचा खालचा ओठ पुढं आला, पण ती रडली नाही. एक मऊ बिस्कीट उचलून तिनं मुठीत धरलं. "कशानं मेला?"

इथं मला थांबता आलं असतं. म्हातारा झाला होता, असं म्हटलं असतं तर तिनं तेही ऐकून घेतलं असतं. मी तिचा मुठीतला हात माझ्या हातात घेतला.

"टँकर आला होता. तो मागं मागं येत होता आणि मुकादम तिथं बसला होता. मी त्याला हाक मारली, ऊठ म्हणून. मला वाटलं, उठेल. मग मी हौदाचं झाकण उघडत बसले आणि टँकरवाल्या काकांना हातानं ये ये केलं. मी वळून बघितलं नाही. माझ्यामुळं झालं, पेरू. टँकरवाल्या काकांची चूक नव्हती. मुकादमची पण नव्हती."

किती दिवसांनी मी ते मोठ्यानं म्हटलं होतं. माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला. ती माझ्याकडं बघत होती, कपाळाला आठी घालून, कोडं न सुटल्यावर घालते तशी.

"पण आई," ती म्हणाली, "त्याला तर ऐकू येत नव्हतं."

माझ्या हातातला तिचा हात मी घट्ट धरला असणार, कारण तिनं तो सोडवून घेतला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मी त्याच्या कानात म्हणायचे ना, बिस्कीट, बिस्कीट. तो बघायचाच नाही. मग मी जमिनीवर असं करायचे." तिनं फरशीवर तळहात दोनदा आपटला. "मग लगेच बघायचा. आम्ही तसंच खेळायचो."

"कधीपासून?"

"मोठ्या पावसापासून."

पावसाळ्यापासून. साडेचार वर्षांची ही पोर, तिला पावसाळ्यापासून माहीत होतं. आणि तो तिच्याबरोबर तसाच खेळत होता, कारण तिनं त्याची नवी भाषा बरोबर ओळखली होती. मग जे विचारायला नको होतं ते माझ्या तोंडून गेलं.

"मग मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"सांगितलं की." तिला नवल वाटलं. "दोनदा सांगितलं. एकदा तू कपड्यांच्या घड्या करत होतीस. आणि एकदा गाडीवर."

"मी काय म्हणाले?"

"हं म्हणालीस. दोन्ही वेळा."

मला काहीही आठवलं नाही. घड्या आठवल्या, कारण घड्या रोजच असतात. गाडी आठवली, तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं, हेल्मेटमध्ये वारा. त्यात तिचा आवाज कुठंच नव्हता.

ती उठली. बिस्किटांच्या दोन्ही रांगा ओलांडून जपून माझ्याजवळ आली, माझ्या कानावरचे केस दोन्ही हातांनी बाजूला केले आणि वाकून आत बघू लागली, डॉक्टर तिच्या कानात बघतात तशी. बराच वेळ बघत राहिली. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता, बिस्किटाचा वास येत होता.

मग तिनं अगदी हळू, मला लागू नये अशा आवाजात विचारलं, "आई, तुला पण ऐकू येत नाही का?"